ती फिल्म मी पास केली होती

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट बरीच वर्षं फिरते आहे. माझ्या बायकोचा स्तनाचा कर्करोग मी तिची एक्स-रे फिल्म नुसती उजेडात धरून ओळखला, अशी. जावई ती तिखटमीठ लावून सांगतो. इथल्या, चेन्नईच्या, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एकदा ती माइकवरूनही सांगून झाली. ती खोटी आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, आई गेली. आता कशाला उकरता?" मी उकरणार. ज्याला वाचवत नसेल त्याने पान उलटावं.

मी चेन्नईजवळ संरक्षण खात्याच्या रणगाड्यांच्या कारखान्यात होतो. वेल्डिंगच्या सांध्यांच्या एक्स-रे फिल्म तपासणं हे माझं काम. पोलादात पोकळी किंवा भेग राहिली, की फिल्मवर तिथे काळं दिसतं. सांधा एकसारखा पांढुरका आला, की पास. नोकरीभर मी काळं शोधत आलो.

निवृत्तीनंतर आम्ही तांबरमला राहत होतो. बायकोच्या थोरल्या बहिणीचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा ही मैलापूरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मॅमोग्राफी करून घ्यायला गेली. मी सोबत होतो. गाठ दिसली नाही, तरी डॉक्टरबाई म्हणाल्या, "यांची सोनोग्राफीही करू या. आणि यापुढे दरवर्षी यायचं."

"बाहेर पाटीवर तर दोन वर्षांनी असं लिहिलंय," मी म्हणालो.

"ते सगळ्यांसाठी, सार. ही फिल्म बघून मी यांच्यापुरतं सांगते आहे. यांच्या स्तनात दाट भाग जास्त आहे. तो फिल्मवर पांढरा येतो, आणि गाठही पांढरीच येते. शिवाय बहिणीला कर्करोग झालेला आहे."

"मला फिल्म वाचता येते, मॅडम."

"मग या पांढऱ्यात गाठ लपलेली नाही, हे मला दाखवा."

मला ते दाखवता येईना. म्हणून मी उठलो आणि हिला घेऊन घरी आलो. घरी फिल्म खिडकीशी धरली.

"एक काळा ठिपका नाही. असा सांधा मी डोळे झाकून पास केला असता."

"डोळे झाकूनच करताय," ती म्हणाली. "आणि मी तुमचा रणगाडा नाही."

"अगं, धंदा आहे तो त्यांचा."

"असू दे. भाजीवालीचाही धंदाच आहे. म्हणून आपण जेवायचं सोडलंय का?"

दोन दिवस घरात अबोला होता. मग एका सकाळी ती साडी बदलून चपला घालताना म्हणाली, "मी चालले. सांबार-भात ओट्यावर आहे. यायचं तर चला, नाहीतर जेवून घ्या."

मी पेपरमागून मान वर केली नाही. ती एकटी ट्रेनने गेली, पुढे बसने. मी वेळेवर जेवलो, हेही लिहून ठेवतो.

सोनोग्राफीत गाठ दिसली. लहान होती. सुईने तुकडा काढून तपासला, मग ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात असताना मेहुण्याचा फोन आला. कसं कळलं, असं त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फिल्म बघूनच मला शंका आली होती."

बायको जागी होती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "अहो, खोटंच बोलायचं तर जरा हळू बोला. शेजारच्या बाई झोपल्यात."

त्यानंतर चारचौघांत कुणी ती गोष्ट काढली, की ती चहा टाकायला उठायची. तिने मला कधीच खोटं पाडलं नाही. ते खोटं मी पचवलं. पुढे काही वर्षांनी ती गेली, पण हृदयविकाराने. हा रोग तिला पुन्हा शिवला नाही.

ती गेल्यानंतर वर्षभरात वेलचेरीहून मुलगी आणि जावई आले. मुलगी चाळिशीला टेकलेली, आयटीत नोकरी. तिच्या हातात मॅमोग्राफीचं पाकीट होतं.

"डॉक्टर म्हणतात दाट आहे, सोनोग्राफी करा. ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नाही. बाबा, तुम्ही बघा ना. तुम्ही ठीक म्हणालात तर राहू दे."

"घरचा एक्स्पर्ट असताना पैसे कशाला घालवायचे?" जावई हसत म्हणाला.

मी पाकीट उघडलं नाही. जे घडलं होतं ते सगळं दोघांना सांगितलं, सांबार-भातासकट.

मुलीने पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "आणि आई गप्प बसली?"

"गप्प कुठे बसली? एकटी गेली ना."

"मी तुमच्या भरवशावर तपासणी टाळत आले, बाबा. घरात तुम्ही आहात, काही असलं तर ओळखाल, म्हणून." तिचा आवाज चढला. "उठा. आत्ताच्या आत्ता चला."

त्या दिवशी तिच्यात काही निघालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आत जाण्यापूर्वी स्कॅन सेंटरमधल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, "आईची गाठ मॅमोग्राफीत दिसली होती का?" मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. खोलीत इतर माणसं होती, असू देत. "फिल्म नुसती पांढरी होती. फिल्म चांगली आहे, असं मी म्हणालो. हिच्या आईने माझं ऐकलं नाही, म्हणून गाठ सोनोग्राफीत सापडली."

डॉक्टरीण मुलीकडे वळली. "मग तुम्हालाही नुसत्या फिल्मवर विसंबता येणार नाही. दरवर्षी दोन्ही करायचं."

मुलगी आत गेली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. नर्सने हात आडवा केला. "सार, पुरुषांनी तिकडे बाहेर बसायचं."

"आत येत नाही," मी म्हणालो. "पण इथून हलणारही नाही."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची आणून दिली. मी बसलो नाही.