काडतूस नानांचा संशय

लढाईची बातमी कुणीही आणली, तरी नाना आधी बातमी आणणाऱ्याकडे निरखून बघत. बातमीचं नंतर. डोळे बारीक करून, तंबाखू दाढेत सरकवून विचारत, "त्याले काय पाहिजे?" हा 'तो' म्हणजे समोरचा देश. चहाच्या टपरीवरची माणसं वैतागत. "आपलं वाईट पाहिजे त्याले, आखो काय?" नाना मान हलवत. "वाईट काय भाकरसंगे खातस? फुकट कोनी लढत नही. काहीतरी पाहिजेच ऱ्हास."

नाना माझे थोरले काका. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात काढली आणि निवृत्त होऊन तापीकाठच्या आमच्या केळीच्या मळ्यात परतले. म्हणून गावाने त्यांचं नाव काडतूस नाना ठेवलं. "आम्हाले लढाई पेपरना पहिले समजे," ते सांगत. "ओव्हरटाइम सुरू व्हयना का समजी लेवानं." पण एकदा कित्येक महिने ओव्हरटाइम चालला आणि लढाई झालीच नाही. मग हा माल कुणासाठी, असं त्यांनी साहेबाला विचारलं. साहेबाने, कामाला लाग म्हणून, मशीनकडे बोट दाखवलं. तेव्हापासून नानांचा संशय आपल्यावर आणि परक्यांवर सारखाच वाटला गेला.

तो संशय दर वेळी खरा निघे असं मुळीच नाही. एका हिवाळ्यात कॉलेजची दोन पोरं दुर्बिणी घेऊन नदीकाठी फिरत होती. नानांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतलं, चहा पाजला आणि दुपारपर्यंत उलटतपासणी घेतली. कुणाची जमीन मोजता, नकाशे कुणाला देता, पाठवलं कुणी? पोरं बिचारी बदकं मोजायला आली होती. नानांनी माफी मागितली नाही. संध्याकाळी केळीची फणी मात्र त्यांच्या मोटारसायकलला बांधून दिली. ते गेल्यावर मला म्हणाले, "तरी बी, इतली बदकं मोजीसन काय करतस ते इचार."

त्यांचा नातू हेमंत फौजेच्या भरतीसाठी रोज शहाद्याच्या रस्त्यावर धावायला लागला, तेव्हा घरात दोन तट पडले. नाना कुठल्याच तटात नव्हते. त्यांनी पोराला समोर बसवलं. "तुले काय पाहिजे?" हेमंत म्हणाला, "नोकरी. अन् वर्दी." नाना खूश झाले. "हाऊ खरं बोलना. जाऊ द्या त्याले."

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा हेमंत भरती होऊन तिकडेच होता. त्याचा फोन बंद. मी शहाद्याला शाळेत शिकवते. सुट्टीच होती, म्हणून नाना-नानींजवळ राहायला आले. शेजारचा भटू दिवसातून चार वेळा मोबाईल घेऊन येई. एका सकाळी तर पेढे घेऊन आला. "नाना, आपीन त्यासनं अख्खं शहर जिकी लिधं!" नानांनी पेढा हातात घेतला, फिरवून पाहिला. "कोनी सांगं?" "टीव्हीवर दखाडी ऱ्हायनात ना!" पेढा न खाताच ताटलीत परत गेला. दुपारी तेच शहर दुसऱ्या वाहिनीवर अजून त्यांच्याकडेच होतं.

दोन दिवसांनी भटू आला तो रडतच. त्याच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत एक जवान पडलेला दिसत होता, तोंड रक्ताने माखलेलं. खाली हेमंतच्या पलटणीचं नाव लिहिलेलं. नानी रडू लागल्या. आणि नाना? जन्मभर कशावरच विश्वास न ठेवलेल्या त्या माणसाने एकदाच पाहिलं. "मन्हा हेमंत," एवढंच म्हणाले. काही विचारलं नाही.

म्हणून मग मी विचारलं. "भटूभाऊ, हाई कोनी धाडं?" त्याला सुरतेच्या मेहुण्याने पाठवलं होतं. मेहुण्याला कुठल्याशा ग्रुपवर आलं होतं. त्यापुढे कुणालाच माहीत नव्हतं. रडारडीत सगळे नुसते बघत होते; मी फोन कानाला लावला. मागे ओरडणारी माणसं ना आपल्याकडची कुठली भाषा बोलत होती, ना त्यांच्याकडची. ती लढाईच तिसऱ्या कुठल्या तरी मुलखातली होती. मी नानांना ऐकवलं. त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं, मग फोन भटूच्या हातात ठेवला आणि मळ्यात निघून गेले.

परतल्यावर म्हणाले, "माले कसं काय पटनं?"

"तुम्हाले भीती वाटनी, नाना."

नानांनी पायांवर पाणी घेतलं. मग म्हणाले, "तिकडला लोकेसले बी असंच पटाडतस व्हतीन. भीती दखाडीसन."

तोफा थांबल्या आणि हेमंतचा फोन आला. पुढे तो सुट्टीवर आला तेव्हा अख्खं गाव पराक्रम ऐकायला ओट्यावर जमलं. सगळे पांगल्यावर नानांनी त्यांचा तोच जुना प्रश्न काढला, "त्याले काय पाहिजे?" हेमंत हसला. "त्याले बी सुट्टीच पाहिजे व्हई, नाना." आम्हा बायकांना हे उत्तर फार आवडलं. नाना मात्र चटकन म्हणाले, "तू इचारं का त्याले? नही ना? मंग सांगू नको." हेमंतचं हसू मावळलं, पण त्याने मान डोलावली.

हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. हेमंत पोहोचला तोवर दहन होऊन गेलं होतं. अस्थी घेऊन आम्ही प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या संगमावर गेलो. विधी आटोपून तो ओल्या धोतराने पायऱ्या चढत होता, तर त्याचे फौजी पद्धतीने बारीक कापलेले केस बघून घाटावरच्या चार माणसांनी ओळखलं की पोरगा फौजेत आहे. लगेच गराडा पडला. पुन्हा लढाई होणार का? त्यांच्या मनात आहे तरी काय?

"माले माहीत नही," हेमंत म्हणाला.

"अरे, तू तठेच ऱ्हास ना?"

"हां. तठेच ऱ्हास. माहीत नही."

माणसं हिरमुसली. पोरगा काहीतरी लपवतोय, वरून तसा हुकूमच असणार, असं आपसात बोलत ती पांगली. हेमंतने धोतर पिळलं आणि नानींचा हात धरून तो गाडीकडे चालू लागला.