वसुधाच्या वाणातला माझा डबा

वसुधा गेल्याची बातमी आमच्या मस्कतच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरच आली आणि मिनिटभरात जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला. याच त्या बायका! आणि मी तरी काय वेगळी होते म्हणा...

अल खौदमध्ये आम्ही वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. तिचा निखिल युरोपात. त्याला एका पुरुषाशी संसार करायचाय, हे तिनं कधीच स्वीकारलं होतं, फक्त इथे बोलली नव्हती. तिकडे समलिंगी विवाहावर मतदान झालं, कौल बाजूनं लागला आणि विरोधकांचे मोर्चे निघाले. पोराच्या काळजीनं ही चार दिवस धड जेवली नाही. मग न राहवून तिनं ग्रुपवर दोघांचा फोटो टाकला. "आमच्या निखिलचं लग्न ठरलं. जीव भांड्यात पडला बाई एकदाचा!" एकीनंही अभिनंदन केलं नाही. इथे मोर्चेबिर्चे निघत नाहीत. आमचा निषेध फोनाफोनीनं झाला. "यंदा तिच्याकडे हळदीकुंकवाला कुणी जायचं नाही. परक्या देशात राहतो आपण, नसती भानगड नको!" मी 'हो' म्हटलं. तोंडाला काय कुलूप लागलं होतं माझ्या?

हळदीकुंकवाच्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, मवालेहच्या बाजारात यंदा बोरं मिळाली, ऊससुद्धा! सहा वाजत आले, अजून कुणीच कसं नाही?" मी सांगितलं, डोकं भयंकर दुखतंय. भिंतीपलीकडून बोलत होते मी... "बरं, पड हं जरा," म्हणाली. त्यानंतर मी तिला टाळतच राहिले आणि महिन्याभरात हृदयविकारानं ती गेली. लेकाचं लग्न बघायचं राहूनच गेलं.

परवा तिच्या घरी गेले. तिच्या मिस्टरांनी, अनिलभावजींनी, कपाटातून पिशवी काढली. वाणाचे स्टीलचे डबे, सगळेच्या सगळे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. ही तिची दरवर्षीची खोड. "तुमचा घेऊन जा," भावजी म्हणाले, "बाकीच्यांचं काय करू, तुम्हीच सांगा." मी माझ्या नावाचा तेवढा उचलला.

घरी येऊन झाकण उघडलं. तिळगुळाच्या वड्या आणि वर बामची नवीकोरी बाटली. टोमणा असता तर मुकाट्यानं सोसला असता. पण वसुधाला टोमणे मारता यायचेच नाहीत. तिला खरंच वाटलं होतं, माझं डोकं दुखतंय.