वांग्याच्या ऐवजी

मुख्य वस्तू वगळून कुठलाही पदार्थ करून दाखवावा तो माझ्या सासऱ्यांनीच. त्यांच्या बासुंदीत दूध नावापुरतं आणि दुधीभोपळा पोटभर असतो. काजूच्या रश्श्यात काजूऐवजी टरबुजाच्या वाळवलेल्या बिया वाटलेल्या असतात आणि त्या टरबुजाचा पांढरा गर आदल्या आठवड्यात भाजी होऊन आपल्या पोटात गेलेला असतो. चिंच महाग झाली की अंबाडी, टोमॅटो महाग झाला की कैरी, आणि कैरीचा मोसम सरला की पुन्हा अंबाडी. नवा बदल केला की नाना पहिला घास स्वतः घेतात, डोळे मिटून बराच वेळ चावतात आणि मग निकाल देतात, "चालस." ते मूळचे साक्रीकडचे. तिकडच्या अहिराणीत चालस म्हणजे चालतं. 'छान झालंय' असं कुठल्याही पदार्थाला म्हटलेलं मी ऐकलं नाही, पण 'नही चालस' असंही कधी ऐकलं नाही.

दीपनगरच्या वीजकेंद्रातली नोकरी संपल्यावर त्यांनी भुसावळला घर बांधलं. घर म्हणजे परसाला लागून असलेल्या दोन खोल्या. परसात पाय ठेवायला जागा नाही, कारण जिथे पाय ठेवाल तिथे मेथी असते. फुटक्या बादलीत कोथिंबीर, जुन्या कुलरच्या टाकीत पुदिना, कंपाउंडवर दोडके. एकदा गिलक्याचा वेल भिंतीवरून उतरून स्कूटरच्या हँडलवर चढला. वेल सोडवला तर फुलं गळतील, म्हणून नाना तो सबंध पावसाळा रिक्षानं हिंडले. सासूबाई म्हणाल्या, रिक्षाच्या भाड्यात गिलक्यांचं पोतं आलं असतं. त्यावर नाना शांतपणे म्हणाले, "बाजारना गिलकासले चव नही." सासूबाईंनी हात टेकले आहेत ते फार पूर्वीच. परसात उगवला असता तर ह्यांनी जावईसुद्धा घरचाच काढला असता, असं त्या माझ्या तोंडावर सांगतात.

तो जावई बाहेरून आणावा लागला आणि तोही जवळजवळ हातचा गेला होता. मी सावद्याचा. आमच्या घरात तीन पिढ्या केळीशिवाय दुसरं काही लावलेलं नाही. मी मुलगी पाहायला आलो ते माझ्या वडिलांबरोबर. आबा बोलायला अतिशय कमी आणि नाही म्हणायला अतिशय तत्पर. त्याआधी एका घरी चहा कोमट होता, म्हणून ते मुलगी बाहेर यायच्या आत उठले होते. दिवस थंडीचे. थंडीत पाहुण्याला भरीत वाढलं नाही, तर आमच्या खानदेशात पाहुणा ते गावभर सांगतो. नानांनीही भरीत-पुरीचा बेत केला होता. पण ऐन त्या आठवड्यात परसातल्या वांग्यांत अळी पडली, आणि बाजारातून वांगी आणणं नानांच्या तत्त्वात बसत नव्हतं. कोपऱ्यात केळीचं एक झाड होतं, त्याला घड लागला होता. नानांनी कच्ची केळी उतरवली, वांग्यांसारखीच कपाशीच्या काड्यांवर खरपूस भाजली, सोलली आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून लाकडी बडगीत ठेचली. वर कांद्याची पात टाकली. घरच्या बायकांनी डोक्याला हात लावला, पण आता उशीर झाला होता.

मुलगी वाढायला आली. माझ्या ताटात भरीत वाढताना तिनं एकदाच वर पाहिलं आणि कुणाला दिसणार नाही इतकी हलकी मान हलवली. मला वाटलं, संपलं, हिला मी पसंत नाही. मला तर ती दारातून आत आली तेव्हाच पसंत पडली होती, त्यामुळे भूकच गेली. मग पहिला घास तोंडात गेला आणि कळलं की ती भरिताबद्दल सांगत होती. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण शेजारी आबा बसले होते. बंद डोळ्यांनी नुसता वास घेऊन घड कुठल्या बागेतला ते सांगणाऱ्या माणसापुढे, वांगी म्हणून केळी ठेवण्याची चूक साऱ्या जिल्ह्यात फक्त माझे सासरेच करू शकतात.

आबांनी घास घेतला. चावता चावता थांबले. आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही, तसं ते नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "केयाचं आहे."

मुलगी पुऱ्यांचं ताट धरून दारातच उभी राहिली. नाना मात्र जराही ओशाळले नाहीत. "वांगासले कीड लागनी, याहीबोवा. मंग घरना केळा भाजी टाकात. धूरमा बठ्ठं सारखंच लागस." सोयरीक जमायच्या आधीच त्यांनी आबांना व्याही करून टाकलं होतं. आबांनी ताटाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. "भाव पडला म्हणजे मी घडच्या घड बांधावर फेकतो," ते म्हणाले. "इतकी वर्सं फेकले. हे कधी सुचलं नाही." आणि वाटी पुढे केली. परतताना बसमध्ये एवढंच बोलले, "या घरची पोरगी कोणत्याच दिवसात अडून बसायची नाही. होकार कळवून टाक." बायको अजून म्हणते, माझं लग्न तुमच्यामुळे नाही, केळ्यामुळे झालं.

मग दर थंडीत आबा भुसावळला जाऊ लागले. बाहेरचं केळं नानांना चालेना, म्हणून आबांनी आमच्या बागेतला कंद नेऊन त्यांच्या परसात लावला, म्हणजे ते घरचं झालं. दर वर्षी तेच भरीत. दर वर्षी आबा पहिला घास घेणार, थांबणार, चेहरा तितकाच कोरडा ठेवून "केयाचं आहे" म्हणणार, आणि नाना जणू पहिल्यांदाच पकडले गेल्यासारखे हसणार. त्यानंतरच नाना जेवायला सुरुवात करत. दोघांच्या मैत्रीत याहून जास्त संभाषण मी ऐकलं नाही.

आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. थंडी पडली तसा नानांचा निरोप आला. आम्ही मुलांना घेऊन गेलो, तर परसात वांगी अशी लगडलेली की झाडं वाकली होती. काड्या पेटवलेल्या होत्या आणि निखाऱ्यांवर केळी होती. धाकटी म्हणाली, "आजोबा, एवढी वांगी असताना केळी का?" नाना केळी उलटवत म्हणाले, "हाई तुमना आबासनं भरीत शे."

ताटं वाढली. नानांनी सगळ्यांना वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, जेवा ना. ते माझ्याकडे बघत होते. मी पहिला घास घेतला. चावता चावता थांबलो. मग आबांसारखाच कोरडा आवाज काढायचा प्रयत्न करत म्हणालो, "केयाचं आहे."

नानांनी डोळे मिटले. नवा बदल चाखून पाहताना लावतात तेवढाच वेळ लावला.

"चालस," ते हळूच म्हणाले, आणि जेवायला लागले.