जनूची साक्षीदार

नमिता पेणजवळच्या खाडीकाठच्या गावची. बाप नाथा मिठागरावर राबायचा. कायदा आणि पत्रकारिता एकत्र शिकवणाऱ्या पदवीला तिने नाव घातलं, तेव्हा तो म्हणाला, "दोन दोन कशाला गो? एकात भागत नाय?"

"एकात लोकांना विचारायचं, दुसऱ्यात त्यांच्यासाठी भांडायचं," ती म्हणाली.

शहाण्णवच्या मे महिन्यात ती सुट्टीला रोह्याला मामाकडे आली. येताना एखादी खरीखुरी बातमी लिहून आणा, असं कॉलेजने सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मामाचा शेजारी जनू धाटावच्या एका केमिकल कंपनीत भाजला. त्याची बायको मालू दवाखान्यात बसून होती. ती डॉक्टरांशी बोलायला उठली, तेवढ्या वेळापुरती नमिता खाटेजवळ थांबली.

जनू शुद्धीवर होता. "पाणी दे गो," म्हणाला.

तांब्या उशाशीच होता. पण त्याचे डोळे मिटत चालले होते, परत उघडतील याचा भरवसा नव्हता. नमिताने विचारलं, "काका, व्हॉल्व कुणी उघडायला सांगितला?"

"सायबानं. मी बोललो, लाइन गरम हाय. तरी उघड म्हणाला."

मग नमिताने भांड्यात पाणी ओतलं. त्याचे ओठ पुन्हा हलले नाहीत. मालू आत आली तेव्हा भांडं नमिताच्या हातातच होतं.

ती बातमी तिने लिहिली नाही. पुढच्या वर्षी पुराव्याचा कायदा शिकवताना सर म्हणाले, मेलेल्या माणसाने आपल्या मरणाचं कारण सांगितलं असेल, तर ते ऐकणाऱ्याची साक्ष कोर्टात चालते. नमिताला अगदी कानाजवळ ऐकू आलं, पाणी दे गो. तिने वळून पाहिलं. मागच्या बाकावरच्या मुली लिहून घेत होत्या.

त्यानंतर तो आवाज तिला कुठेही गाठू लागला. मेसमध्ये, एसटीत, अंघोळीला नळ सोडला की हमखास. मालूने भरपाईसाठी कंपनीवर दावा लावला होता; शेवटी नमिता तिच्या वकिलाकडे गेली. जनूने आपल्या मर्जीने व्हॉल्व उघडला, असं कंपनी म्हणत होती.

नमिताने साक्ष दिली. कंपनीच्या वकिलाने सहज विचारावं तसं विचारलं, "आणखी काही बोलला तो?"

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. "पाणी मागितलं," ती म्हणाली.

"दिलंत?"

"आधी प्रश्न विचारला."

समोरच्या बाकावर मालूने पदर तोंडाला लावला.

निकाल मालूच्या बाजूने लागला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने नमिताचा हात धरला. "तू बोललीस म्हणून झालं सगळं. पण माझ्या दारात नको येऊस गो."

नमिता पेणला वकिली करू लागली. साक्ष दिल्यावर आवाज थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबला नाही. मामाकडे जाताना मालूचं घर वाटेतच लागतं. मालू ओटीवर तांदूळ निवडत असते. मान वर करून बघते, हाक मारत नाही. नमिता चालत राहते, आणि पाठीमागून कुणीतरी पाणी मागत असतं.