करपलेला सरस

गेल्या रविवारी पेणच्या आमच्या घरात मी बकऱ्याचं कातडं शिजवत होते... खायला नव्हे, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी.

कातड्यात कोलॅजन असतं. कातडं चुन्यात मुरवून धुवायचं, मग पाण्यात बेतानं तापवलं की ते जिलेटिन होऊन सुटतं आणि गार झाल्यावर जेलीसारखं धरतं. माझं दोनदा धरलंच नव्हतं... आणि मंगळवारी रोह्याला कॉलेजात बाहेरचे परीक्षक येणार होते.

लॅबमधला वॉटर बाथ, म्हणजे बेतानं तापवायचं यंत्र, महिनाभर दुरुस्तीला गेलेला. म्हणून शेवटचं मुरवलेलं कातडं डब्यात घालून घरी आणलं.

खरं तर मला याची बंदी होती. लग्नानंतर आठ वर्षांनी पुन्हा शिकायचं म्हटल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, एकच अट घातली होती. "शीक, पण तुझे ते वास घरात नाय आणायचे." अण्णा सुतार. हात थरथरतात म्हणून हत्यारं पेटीत गेलीत, शब्दाची धार मात्र अजून तशीच आहे.

दुपारी ते झोपलेत असं बघून मी निम्मं कातडं पातेल्यात घालून थेट गॅसवर चढवलं. थर्मामीटर होता, खिडक्या उघड्या होत्या, तरी अर्ध्या तासात असा वास सुटला की मांजरसुद्धा अंगणात गेलं. मागे वळले तर अण्णा उभे.

मी गॅस बंद केला. प्रोजेक्ट गेला आणि आता कॉलेजही गेलं, असंच वाटलं... रडूच आलं मला.

अण्णांनी पातेल्यावर वाकून वास घेतला. म्हणाले, "सरस करपवलास गो."

सरस म्हणजे लाकूड जोडायचा जुना चिकट पदार्थ. तो कातड्यापासून करतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ज्यांनी तो उभा जन्म वापरला ते माझ्याच घरात आहेत, हे या हुशार बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आगीवर नाय ठेवायचा, जीव जातो त्याचा. मोठ्या टोपात पाणी घे, त्या पाण्यात डबा ठेव." म्हणजे वॉटर बाथच की... आणि मी महिनाभर त्या मेकॅनिकची वाट बघत बसले होते.

उरलेलं कातडं डब्यात गेलं. अण्णा स्टूल घेऊन शेजारी बसले. मधूनच चिमटीत थेंब धरून बोटं उघडायचे, तार बघायचे. "अजून नाय." मग बऱ्याच वेळानं, "काढ आता."

संध्याकाळी फ्रीजमधली वाटी उपडी केली. जरासुद्धा हललं नाही. थोडा सरस पुन्हा कोमट करून अण्णांनी सागाच्या दोन पातळ पट्ट्या जोडल्या, सुतळीनं आवळून ठेवल्या. सकाळी पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तोड." तुटली... पण शेजारचं लाकूड तुटलं, जोड तसाच राहिला.

मंगळवारी परीक्षकांनी ग्राफ पाहिले, प्रश्न विचारले, पण बराच वेळ हातात धरला तो लाकडाचा तुकडाच. प्रोजेक्ट पास झाला. आभाराच्या पानावर पहिलं नाव अण्णांचं आहे. तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहिते... अण्णा, तुमचे उपकार फार मोठे आहेत.

आज पुन्हा रविवार. सकाळपासून अण्णा दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "आज वास नाय काय गो?"