बिरूअण्णाच्या पाठीवरचा लाल ठिपका

आटपाडीत सकाळच्या उन्हाला आम्ही पाच म्हातारे भिंतीला टेकून बसतो. पूर्वी गप्पा मेंढरांच्या असायच्या. सत्तरी उलटली तसे किस्से खोकल्यातनंच निघायला लागले. एकाची ढास थांबेस्तोवर दुसऱ्याला नवा आठवतो.

*

बिरूअण्णाचा जन्म मेंढरांमागं गेला. गेल्या थंडीत नातवानं शाळेतनं सर्दी आणली. नातू दोन दिवसांत क्रिकेट खेळायला लागला, आजा पंधरा दिवस सांगलीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर!

मला नवल वाटलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आवं, रोग एकच, मग ह्यो भेद का?"

"आजोबा, वय झालं की अंगातली फौज दमते. साधा फ्लू छातीत उतरतो."

"मंजी पेन्शनीतली फौज म्हना की."

अण्णा मास्कच्या आत हसला आणि मशीन वाजायला लागलं. नर्सनं मलाच बाहेर काढलं.

*

घरी आल्यावर त्याला तोंडात धरून ओढायचा पंप मिळाला. हा आधी बिडी ओढायचा, मग पंप.

"ह्ये काय रं गड्या?"

"एकानं घान झाली की दुसऱ्यानं धुवायची."

काशीवहिनींनी नवऱ्याच्या सगळ्या बिड्या चुलीत घातल्या. तर अण्णा चुलीजवळ सरकून बसला!

*

एकदा इस्लामपूरला लग्नाला निघालो. एसटीत जागा न्हाई. मी म्हणालो, "अण्णा, खोक."

त्यानं मनापासनं खोकून दाखवलं. दोन बाकं रिकामी! कंडक्टरनं तिकिटं लांबनंच दिली.

उतरताना मात्र तीन पायऱ्यांत तो दोनदा थांबला. मी दुसरीकडं बघितल्यासारखं केलं.

*

यंदा थंडीआधी गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फ्लूची लस घ्या. अण्णांच्या छातीत परत उतरला तर अवघड आहे."

आम्ही चौघं तयार झालो. अण्णा न्हाई म्हणजे न्हाई. या गड्यानं पावसाळ्याआधीची लस एकाही मेंढराची चुकवली नव्हती. टोचलं की पाठीवर रंगाचा ठिपका, म्हणजे परत तेच टोचलं जात न्हाई.

मी लाल रंग नेला. दवाखान्यातनं बाहेर येईल त्याच्या सदऱ्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध एक ठिपका. माझ्याही. अण्णा बाहेर कोराच बसलेला.

"कळपात एकच कोरं राहिलं तर तू काय करायचास रं?"

"धरून आनायचो," तो म्हणाला आणि उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला तर पाठीवर लाल ठिपका! आम्ही उठून टाळ्या वाजवल्या. काशीवहिनी मागनं चहा घेऊन आल्या. त्यांनी कालच्याच सदऱ्यांतल्या आमच्या पाठी बघितल्या, मग नवऱ्याची.

"ह्या सगळ्यांचा रंग खांद्यांच्या मधी. तुमचा कमरंला कसा? हात दाखवा बघू."

अण्णानं मूठ आवळली. बोटं लाल.

वहिनींनी किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि त्याला दंडाला धरून उठवलं. दवाखान्याच्या वाटेला लागल्यावर मागं वळून मला म्हणाल्या,

"भावजी, रंग घिऊन मागनं या."