मंगलसाठी इंग्लंडचे बूट

कोल्हापूरहून मुंबईला निघताना गुळाची ढेप मुद्दाम घरी ठेवली. मंगलला साखरेचा आजार आहे. कपड्यांची पिशवी होती, पायात धावायचे निळे बूट होते आणि मांडीवर खोका. त्यात तसेच बूट, पण लाल.

माझी मुलगी अनुजा इंग्लंडच्या उत्तरेला नोकरी करते. तिच्या गावात एका जुन्या कारखान्यात अजून धावायचे बूट शिवतात. तिनं माझ्यासाठी पाठवलेले निळे बूट घालून मी रोज रंकाळ्याला फिरायला लागले, आणि मग तिला म्हटलं, "असाच एक जोड मंगलमावशीला पाठव."

मंगल माझी मुंबईच्या कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. घाटकोपरच्या टेकडीवर आम्ही दोघी पळायचो. ती कायम पुढे, मी मागे. गेल्या वर्षी तिच्या डाव्या पायाला जखम झाली, चिघळली आणि करंगळी काढावी लागली. जखम भरली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण बाईंनी उंबरठा ओलांडला नाही. शेवटी तिच्या मुलाचा, नीलेशचा फोन आला. "मावशी, तू ये ना. आई माझं ऐकतच नाही. पायाला हातसुद्धा लावू देत नाही."

रात्रभर डुलत आलेली बस सकाळी खाडीचा पूल ओलांडून मुंबईत शिरली. चेंबूरला उतरून रिक्षा केली. घाटकोपर ओळखू येत नव्हतं. बैठ्या चाळींच्या जागी उंच इमारती आणि डोक्यावरून मेट्रो. टेकडीचा चढ तेवढा तसाच होता. रिक्षावाला अर्ध्यावर थांबून म्हणाला, "पुढे नाही जाणार, गाडीची वाट लागते." उरलेला चढ पायी चढले आणि मला धाप लागली.

मंगलनं दार उघडलं. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच. "काय गो, केवढी सुटलीस!"

तिनं घावणे (तांदळाच्या पिठाचे पातळ पोळे) आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. खाताना जुन्या आठवणी काढत आम्ही नाक्यावरच्या रद्दीवाल्यापर्यंत पोचलो. त्याच्याकडच्या एका परदेशी मासिकात विलायती बुटांचं रंगीत चित्र होतं, आणि आम्ही आमच्या खडू फासलेल्या कॅनव्हासच्या बुटांत उभ्या राहून ते तासन्‌तास बघायचो. मंगल तेव्हा म्हणायची, "असे बूट मिळाले तर मी थांबणारच नाही."

मी खोका पुढे केला. तिनं झाकण उघडलं. लाल जाळीचं कापड, कडेला मऊ कातडं, त्यावर पांढरा पट्टा, जिभेवर 'मेड इन इंग्लंड'. तिनं बूट उलटा केला, तळ अंगठ्यानं दाबला. तो दबला आणि परत वर आला. मी अनुजाकडून ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. टाचेखाली फोमचा जाड थर आहे, मागे टाच धरून ठेवणारी वाटी आहे, पुढे बोटांना जागा आहे, आत टोचणारी शिवण नाही.

"आता काय करू ह्याचा?" ती म्हणाली. "माका नको (मला नको)."

तरी बूट घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली ती अनवाणीच. "लागतंय गं. करंगळी होती तिथंच."

माझा चेहरा पडला. पायाचं माप मी जुन्या आठवणीवरून कळवलं होतं. मग सुचलं, माझे बूट जास्त रुंद होते, शिवाय वापरून मऊ झालेले. मी ते काढून तिच्यापुढे ठेवले.

"तुझे पाय म्हणजे होड्याच," ती म्हणाली आणि निळे बूट घेऊन पुन्हा आत गेली. या वेळी लवकर बाहेर आली, बूट पायात ठेवून. खिडकीपर्यंत गेली, परत आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती मोजे घालून तयार. नीलेशनं धावत येऊन दार उघडून दिलं. मेट्रोनं निघालो, अंधेरीला हायवेपाशी गाडी बदलली. दिंडोशी स्टेशन मागे पडलं तशी उजवीकडे जंगलाची हिरवी कड दिसू लागली. आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चाललो होतो. आमची शेवटची शर्यत तिथंच झाली होती. ती मंगलनंच जिंकली होती.

सावलीतल्या डांबरी रस्त्यावर माणसं पळत होती. मंगल माझा हात धरून, जमीन चाचपत चालत होती. साखरेमुळे तिच्या तळव्याला आता नीट कळत नाही. लाल बूट मी घातले होते आणि ते मलाही चावत होते. पुढे किंचित उतार लागला. तिनं हात सोडला. चाल वाढली, कोपरं वर आली, आणि ती पळायला लागली. अगदी हळू, पण पळतच.

"अगं, बघतेस काय! ये ना!"

मी लंगडत मागे धावले.

दमून ती कठड्यावर बसली. मी समोर खाली बसले आणि म्हटलं, "मंगल, पाय बघायला हवा. तळव्याला लागलं तर तुला कळणार नाही." तिनं मान फिरवली. मग पाय पुढे केला.

मी बूट काढला, मोजा काढला. करंगळीच्या जागी गुळगुळीत व्रण होता. पाय हातात घेऊन सगळीकडून पाहिला. कुठं लाली नाही, फोड नाही.

"घाण दिसतो ना?" ती म्हणाली.

"घामट आहे," मी म्हटलं, "पूर्वीसारखाच."

ती हसली, आणि हसताहसता पदरानं डोळे पुसू लागली. परतताना आम्ही फाटकाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून काकडी घेतली आणि तिखटमीठ लावून उभ्याउभ्या खाल्ली.

निळे बूट तिच्याकडे ठेवून मी लाल बूट घालून परतले. घरी पोचेपर्यंत टाचेला फोड आला होता. अनुजानं फोनवर विचारलं, "बूट कसे वाटले मावशीला?" मी म्हटलं, "मऊ आहेत." वयाबरोबर पाय कमी पळतात याचं मला फार वाईट वाटत नाही. आपला पाय कुणाला दाखवायची लाज वाटू लागते, ते वाईट.

थोड्या दिवसांनी नीलेशचा फोन आला. मंगल सकाळी एकटीच टेकडी उतरून चढून आली होती. दारातच बसून तिनं बूट काढले आणि त्याला हाक मारली, "नील्या, इकडे ये. पाय बघ रे माझा."